सातबाऱ्यावरची ज्वारी कोठे गेली?



पेरणी जवळ आली की आपण सातबारा काढतो, तो पीक कर्जासाठी. सोसायटीत कागद दिला की त्याची आठवण राहत नाही. यंदा एक काम करा. चालू उताऱ्याबरोबर तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा उताराही तहसिलातून मिळवा आणि घरातल्या सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचा. नमुना सातात जमीन कोणाची ते असते. नमुना बारात त्या जमिनीने कोणत्या वर्षी काय पिकवले ते असते. आपल्या वावराचा इतिहास त्या बारा नंबरात आहे.

आर्वी तालुक्यातल्या रोहण्याच्या आमच्या वावराचा १९७८-७९ सालचा बारा माझ्यासमोर आहे. त्यात कपाशी, ज्वारी, तूर, मूग आणि तीळ अशी पाच नावे आहेत. परवा काढलेल्या उताऱ्यात सोयाबीन आणि कपाशी आहे, कपाशीत थोडी तूर आहे. ज्वारी नाही. जमीन तीच, धुरे तेच.

हे एका गावाचे नाही

आपल्या देशात पेरणीखालची जमीन १९७० च्या सुमारास चौदा कोटी हेक्टर होती. आजही ती जवळपास तेवढीच आहे. माणसे वाढली, गावे वाढली, रस्ते झाले. आपल्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. जमीन काही वाढत नाही. बदलले ते तिच्यावरचे पीक. १९७०-७१ मध्ये देशात ज्वारी सुमारे एक कोटी सत्तर लाख हेक्टरांवर होती. आता ती पन्नास लाखांच्या आत आली आहे. महाराष्ट्रात १९८० च्या सुमारास साठ लाख हेक्टरांहून अधिक ज्वारी होती. आज निम्मीही उरली नाही. उलट सोयाबीन आपल्या राज्यात पंचेचाळीस लाख हेक्टरांच्या पुढे गेले आहे.

बाजारासाठी पिकवणे आपल्याला नवे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्या हिंगणघाटच्या कापसाला मोल आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. पुढे पुलगाव-आर्वी ही छोटी गाडी आपल्या भागातून धावली, तीही कापसाच्या जोरावर. पण त्या सगळ्या काळात ज्वारी वावरातच राहिली. कापूस पैशाला, ज्वारी पोटाला आणि कडबा बैलाला, अशी घराची घडी होती.

ज्वारी का गेली?

शेतकऱ्याने ती उगीच सोडली नाही. १९६४ मध्ये सी. एस. एच. १ हा पहिला संकरित वाण आला आणि उतारा वाढला. पण कणसात दाणा भरला असताना पाऊस आला की दाणा काळा पडे आणि व्यापारी भाव पाडी. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. रानडुक्कर आणि रोही वाढले. रात्रीची जागल करायला माणूस मिळेना. मळणीला मजूर मिळेना. अशा वेळी सोयाबीन आले. ते शंभर दिवसांत निघते, दिवाळीच्या आत हातात पैसा देते आणि मागे हरभऱ्यासाठी रान मोकळे करते. १९९४ मध्ये जबलपूरचे जे. एस. ३३५ हे वाण आले आणि पाहता पाहता सगळीकडे झाले. २००२ मध्ये बी. टी. कपाशीला परवानगी मिळाली. दोन पिकांत वावर वाटले गेले.

यात माझाही हात आहे, तो लपवत नाही. १९९६ च्या उन्हाळ्यात मी नोकरीला नवा होतो. गावोगाव सोयाबीनचा प्रचार करीत होतो. घरी बाबांनाही म्हणालो, "ज्वारीत काही उरत नाही, सगळे सोयाबीन करा." त्यांनी हिशेब ऐकून घेतला आणि विचारले, "पैसा येईल, खरे आहे. पण बैल काय पैसे खाईल?" मी म्हणालो, "कडबा विकत घेऊ." दोन वर्षे घेतला. तिसऱ्या वर्षी गावात विकायलाही कडबा नव्हता. बैलजोडी बाजारात गेली, मागोमाग गाय गेली. बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. आमचा उकिरडा तेव्हापासून भरला नाही.

हिशेबात न धरलेली गोष्ट

माझा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. मी क्विंटल आणि भाव मांडला. कडबा, शेण आणि घरचे दाणे मांडले नाहीत. सोयाबीनने पुष्कळ घरांत मुलांची शिक्षणे केली, हे मान्य केले पाहिजे. पण शेणखत थांबले की काळी जमीन कडक होते, पाणी कमी धरते आणि रासायनिक खताला पूर्वीसारखी जागत नाही.

दुसरे असे की, दोनच पिकांवर घर उभे राहिले की एका धक्क्याने हलते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. २०२३ मध्ये पिवळ्या मोझॅकने विदर्भातले सोयाबीन बसवले. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण बाजारात शेतकऱ्याला त्याहून कमीच मिळाले. कारण तो भाव परदेशी तेल आणि ब्राझील-अर्जेंटिनाची ढेप यांच्यावरही ठरतो.

भगिनींनो, आणखी एक तुम्हाला जास्त ठाऊक आहे. पूर्वी मूग, तीळ, अंबाडी यांची मडकी घरात असत आणि वर्षाची डाळ-भाकर त्यातून निघे. आज शेतकऱ्याच्या घरात डाळ दुकानातून येते.

मग काय करावे?

सोयाबीन सोडा असे मी सांगणार नाही. एकदा घाईने सल्ला दिला, तेवढा पुरे. एवढेच करून पाहा :

१. पाच एकरांतील एक एकर घरासाठी ठेवा. त्यात ज्वारी, तूर, मूग घ्या.

२. कोरडवाहू कपाशीत अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जुनी शिफारस वापरा : सहा ओळी कपाशी, एक ज्वारी, दोन तूर, एक ज्वारी. ज्वारीवर पाखरे बसतात, कपाशीवरील अळ्याही टिपतात. सोयाबीन घ्याल तर चार ओळींमागे दोन ओळी तूर घ्या.

३. ज्वारी एकट्याने पेरू नका. लागून वावर असलेल्या चार-पाच जणांनी एकाच आठवड्यात पेरावी. पाखरांचे नुकसान वाटले जाते आणि जागल पाळीपाळीने होते.

४. सोयाबीनचे कुटार आणि पऱ्हाट्या पेटवू नका. जमिनीचे जमिनीला परत द्या.

५. २०२१ पासून पिकाची नोंद आपण स्वतः मोबाईलवर करतो. खरे पीक लिहा, मिश्र पीकही लिहा.

पुढे तुमची नातवंडे हाच बारा काढून वाचतील. तो आज तुम्ही लिहीत आहात. यंदा आमच्या उताऱ्यावर एक एकर ज्वारी लागणार आहे. कडबा निघाला की गाय आणायची, असे घरात ठरले आहे. तुमच्याकडे काय ठरते ते पेरणीपूर्वी घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा, आणि त्या बैठकीत म्हाताऱ्या माणसांना आधी बोलू द्या.