स्थायी निवासाचा अर्ज आणि भाषेची कसोटी

परदेशात कायमचे वास्तव्य करू इच्छिणाऱ्या मनुष्याच्या अर्जात वय, शिक्षण, व्यवसाय, प्रकृती व चारित्र्य यांच्या जोडीने पुष्कळ देशांत भाषेचीही चौकशी होते. इतर बाबी दाखल्यांनी सिद्ध करता येतात. भाषाज्ञान मात्र बहुधा परीक्षेनेच ठरवले जाते. ही भाषा कोणती असावी, ती कोणी निवडावी आणि तिचे किती ज्ञान पुरेसे मानावे, या प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास पाहिला असता, भाषेच्या नावाने घेतलेली कसोटी दर वेळी भाषेचीच असते असे नाही, हे ध्यानात येते.

दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीचा १८९७ चा कायदा हे या दृष्टीने उद्बोधक उदाहरण होय. त्या काळी बंदरावर उतरू दिले जाणे हेच वसतीचे दार होते. अधिकाऱ्याने सांगितल्यास आगंतुकाने ठराविक नमुन्यातील अर्ज युरोपातील कोणत्याही भाषेच्या लिपीत स्वहस्ते लिहून त्यावर सही करावी, असे बंधन या कायद्याने घातले. अर्ज हीच परीक्षा होती. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता; तथापि त्याचा रोख स्वखर्चाने येणाऱ्या हिंदी लोकांवर होता. मोडी व देवनागरी सफाईने लिहिणारा मराठी कारकून या कायद्यापुढे निरक्षर ठरे. येथे लिपी आणि भाषा यांची गल्लत झालेली आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आपली कोकणी रोमन लिपीत लिहिणारा गोमंतकीय या शब्दयोजनेत कोठे बसतो, याचे उत्तर तीत मिळत नाही.

ब्रिटिश वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी हाच मार्ग इतर वसाहतींपुढे ठेवला. ऑस्ट्रेलियाने १९०१ च्या कायद्यात त्याला श्रुतलेखनाचे रूप दिले. अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा आगंतुकाने ऐकून लिहावयाचा, असा तो नियम होता. १९०५ साली ‘युरोपीय भाषा’ याऐवजी ‘विहित भाषा’ असा शब्द आला. परंतु नवी कोणतीही भाषा विहित न झाल्यामुळे व्यवहार पूर्ववत चालला. भाषेची निवड अधिकाऱ्याच्या हाती असल्यामुळे, ज्याला नाकारावयाचे त्याला न येणारी भाषा शोधणे एवढेच काम उरे. १९०२ ते १९०९ या काळात ५२ जण उत्तीर्ण झाले. त्यानंतर एकही नाही.

या पद्धतीचे खरे स्वरूप १९३४ साली उघडे पडले. प्रागचे जर्मन लेखक व पत्रकार एगॉन किश यांना अनेक युरोपीय भाषा अवगत होत्या; म्हणून त्यांची परीक्षा स्कॉटिश गेलिकमध्ये घेण्यात आली. प्रकरण तेथील उच्चतम न्यायालयात गेले. कायद्याला अभिप्रेत असलेली युरोपीय भाषा म्हणजे एखाद्या युरोपीय समाजात सर्व व्यवहारांसाठी रूढ असलेली प्रमाणभाषा होय, आणि गेलिक ही तशी नाही, असा बहुमताचा निर्णय झाला. वंशवर्गीकरणाच्या दृष्टीने गेलिक ही इंडो-युरोपीय कुळाच्या केल्टिक शाखेतील भाषा आहे. तिचे युरोपीयत्व निर्विवाद आहे. न्यायालयाने मात्र भाषेचे कुळ न पाहता तिचे सामाजिक स्थान पाहिले. श्रुतलेखनाची ही परीक्षा १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

आजच्या पद्धतीचे उदाहरण म्हणून कॅनडाकडे पाहता येईल. तेथे १९६७ साली गुणपद्धती सुरू झाली. कुशल कामगारांच्या वर्गासाठी २०१३ साली अमलात आलेल्या नियमांनुसार १०० पैकी ६७ गुण आवश्यक ठरले आणि सहा घटकांपैकी सर्वाधिक, म्हणजे २८ गुण, भाषेला देण्यात आले. श्रवण, वाचन, लेखन व संभाषण या चारही अंगांत बारा पायऱ्यांपैकी किमान सातवी पायरी गाठावी लागे. इंग्रजी की फ्रेंच, हे अर्जदाराने ठरवावयाचे. इंग्रजी ही मातृभाषा असणाऱ्यालाही सूट नव्हती, आणि दोन वर्षांहून जुना निकाल ग्राह्य नव्हता.

येथील फरक मूलगामी आहे. भाषा व तिची पातळी आधीच जाहीर असल्यामुळे अर्जदाराला तयारी करता येते. अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव उरत नाही. तरीही मापनाची मर्यादा उरतेच. मराठी, कन्नड व हिंदी सहजतेने बोलणाऱ्या सांगलीकडील मनुष्याच्या बहुभाषिकत्वाला या कोष्टकात एकही गुण नाही. तसेच नेमलेल्या वेळात निबंध लिहिण्याचे कौशल्य आणि रुग्णाची तक्रार ऐकून घेण्याचे कौशल्य ही एकच नव्हेत. अशी परीक्षा भाषिक सामर्थ्य मोजीत नाही. राज्याने मान्य केलेल्या भाषेच्या प्रमाणरूपाशी अर्जदाराचा किती परिचय आहे, एवढेच ती मोजते. हा हेतू स्पष्टपणे मांडला गेला तर तो समर्थनीय ठरू शकतो. परंतु तिच्या निकालावरून मनुष्याची बुद्धी वा समाजात मिसळण्याची पात्रता ठरविली जाऊ लागली, तर नाताळचा कारकून ज्या न्यायाने निरक्षर ठरला, तोच न्याय पुन्हा लागू झाला असे म्हणावे लागेल.