सुईने आणलेले अर्धे सत्य

कमरेच्या दुखण्याने माणूस मरत नाही, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. म्हणूनच एका तालुक्याच्या गावच्या शाळेतील बाईंनी ते चार महिने अंगावर काढले. पुढे तपासणीत मणका दबलेला दिसला. आपल्या देशात अशा वेळी आधी क्षयाची शंका यावी, हे रास्तच. पण तुकडा न तपासताच क्षयाची औषधे सुरू झाली आणि तीन महिन्यांनी दुखणे उलट वाढले!

मग सुई आली. जागा बधिर करून, सी. टी. स्कॅनच्या पडद्यावर पाहत, पोकळ सुई मणक्यात नेतात आणि काडीएवढा तुकडा काढतात. तो माझ्याकडे आला. मी पॅथॉलॉजिस्ट, रोग्याची नि माझी भेट बहुधा काचेवरच!

सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाची खूण नव्हती. होत्या त्या दाटीने बसलेल्या पेशी आणि सांबराच्या शिंगांसारख्या फाटे फुटलेल्या रक्तवाहिन्या. ‘हाडातच उपजलेला कर्करोग’ असे मी लिहायला घेतले. पण लेखणी अडली. या वयात हाडातला कर्करोग बहुधा पाहुणा असतो. स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड ही त्याची नेहमीची घरे. हा तिथला दिसेना.

बाईंच्या यजमानांना बोलावले. “पूर्वी काही ऑपरेशन?”

“नाही हो, डॉक्टरसाहेब.” जिना उतरून ते पुन्हा वर आले. “डोक्यातली एक गाठ काढली होती. पण त्याला चौदा वर्षे झाली. पाठीशी तिचा काय संबंध?”

संबंध होता! मेंदूच्या आवरणात होणारे ‘सॉलिटरी फायब्रस ट्यूमर’ हे विरळा अर्बुद दहा-पंधरा वर्षे गप्प बसून हाडात डोके वर काढू शकते. २०१३ साली त्यातील जनुकांचा दोष उमगला. तेव्हापासून ‘स्टॅट-सिक्स’ या प्रथिनाची परीक्षा हाती आली. जुन्या गाठीचा मेणात जपलेला ठोकळा मिळवला. दोन्ही काचांवर पेशींची केंद्रे सारखीच तपकिरी रंगली.

क्षयाच्या गोळ्या थांबल्या, किरणोपचार झाले. बाई बऱ्या झाल्या, असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवाळीत खुर्चीत बसून त्यांनी स्वतः करंज्यांना मुरड घातली. डबा माझ्याकडेही आला.

वाचकहो, सुई अर्धेच सत्य आणते. उरलेले तुमच्या जुन्या कागदपत्रांत असते. दिवाळीच्या साफसफाईत ती फाइल तेवढी रद्दीत घालू नका!