आशा टिकते ती कशाच्या बळावर?
शरणपूर ते हरसूल : नाशिक परिसरातल्या ख्रिस्ती श्रद्धेचा एक आढावा

नाशिकहून गिरणारे मागे टाकले, वाघेरा घाट ओलांडला, की हरसूलचा मुलूख सुरू होतो. त्र्यंबकेश्वर तालुक्याचा हा पश्चिमेकडचा भाग. एका अंगाला पेठ, दुसऱ्या अंगाला जव्हार-मोखाडा आणि पलीकडे गुजरातची हद्द. वस्ती कोकणा, वारली, महादेव कोळी, कातकरी या समाजांची. पावसाळ्यात ओहोळ ओलांडता येत नाहीत, आणि उन्हाळा तापला की बाया हंडे घेऊन झऱ्यावर ताटकळतात. नागली, वरई, भात पिकतो. पण वर्षाची बेगमी होत नाही. मग खरिपाची आवराआवर झाली की गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात माणसे उभी राहतात. कोणी द्राक्षाच्या छाटणीला जाते, कोणी मुकादमाची उचल घेऊन वीटभट्टीवर.

या मुलखात गेल्या काही दशकांत ख्रिस्ती प्रार्थना पाड्यांवर पोचली आहे. तिच्याविषयी बाहेर दोनच तऱ्हांनी बोलले जाते. विरोधक म्हणतात, आमिष दाखवून बाटवले. समर्थक म्हणतात, असाध्य रोग बरे झाले. दोन्ही बाजूंना माणूस का आला एवढ्यातच रस असतो. तो टिकला का, आणि टिकला तर कशाच्या बळावर, हे क्वचितच कोणी विचारते. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. त्याचे उत्तर शोधायला आधी घाटाच्या अलीकडे, नाशकात यावे लागते.

शरणपूरची मुले

शरणपूर रोड नाशिककरांच्या रोजच्या तोंडी आहे. ज्या वसाहतीवरून हे नाव आले, ती चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राइस यांनी १८५०च्या दशकात वसवली. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला तेव्हा घर, जात, विहीर, सगळेच बंद होई. त्याने राहायचे कुठे आणि खायचे काय, या प्रश्नातून हे गाव उभे राहिले. शाळा, सुतारकाम, लोहारकाम असा सगळा प्रपंच तिथे होता.

पुढे या गावात अनपेक्षित रहिवासी आले. पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेली जाणारी मुले इंग्रजांच्या आरमाराने गलबतांवरून सोडवली आणि मुंबईत उतरवली. त्यातली अनेक शरणपूरला वाढली. आईबाप हरवलेले, मुलूख सुटलेला, भाषा परकी. या मुलांना कोणत्या तोंडाने आशेची गोष्ट सांगायची? शरणपूरने त्यांना अक्षर दिले, हातात कसब दिले आणि रोज एका पंगतीला बसवले.

त्यातलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या प्रवासात तो सोबत होता. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारला. तेव्हा सुसी, चुमा, वेनराइट आणि इतर सोबत्यांनी त्याचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले, आणि देह हजार मैलांहून अधिक वाट तुडवत समुद्रकिनाऱ्यावर आणला. झाडावर नाव-तारीख कोरली ती वेनराइटने, कारण त्याला लिहिता येत होते. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा तो हजर होता. पुढे प्राइस स्वतः मोंबासाजवळ गेले आणि सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीअर टाउन वसवले. नाशकात शिकलेली अनेक माणसे तिथे नांदली.

साम्राज्याच्या सावलीतली ही गोष्ट आहे आणि त्या काळच्या गोऱ्या माणसाचा अहंकारही तिच्यात आहे. तरी एक गोष्ट नोंदवावीच लागते. ज्यांना बाजारात विकायला काढले होते, त्यांनी पुढे दुसऱ्याचा भार वाहिला. आपले कोणी नाही म्हणणाऱ्याला आपण कोणाचे तरी आहोत असे वाटू लागले, की त्याच्या अंगी हे बळ येते.

लक्ष्मीबाईंची वाट

नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची कहाणी याहून निराळी आणि या प्रश्नाला अधिक जवळची. माहेर कडक सोवळ्याचे. नवरा, नारायण वामन टिळक, प्रतिभावान, लहरी, एका जागी न टिकणारा. आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने दिलेल्या नव्या करारामुळे टिळकांचे मन फिरले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोवर आभाळ कोसळले. पुढची चार-पाच वर्षे ती लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिली.

टिळकांना श्रद्धा एका झटक्यात मिळाली; लक्ष्मीबाईंना ती रखडत, भांडत, रडत मिळाली. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी चूल आणि पाणी वेगळे ठेवले. जातीचे कोडे त्यांनी स्वतःच्या बुद्धीने सोडवले, मग बाप्तिस्मा घेतला. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते ते हे, की धर्मांतराने त्यांचे दारिद्र्य फिटले नाही आणि टिळकांचा लहरी स्वभावही बदलला नाही. बदलली ती घराची मर्यादा. ज्याला कोणी नाही, तो आपल्या घरचा, एवढा साधा नियम त्या घराला लागला, आणि तो पाळताना कोठीत काय आहे हे कोणी पाहिले नाही.

टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग, भजन, कीर्तन दिले; १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ काढला. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे बहुतेक अध्याय पुढे लिहून काढले. नवऱ्याच्या श्रद्धेमुळे जिचा संसार मोडला होता, तिनेच त्याच श्रद्धेचे अर्धे राहिलेले काम पदरात घेतले.

केडगावचा वाडा

पंडिता रमाबाई नाशिकच्या नव्हेत, पण त्यांच्या बाबतीत आशा कशावर टिकते हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेली. देवळामागून देवळे पालथी घातलेल्या कुटुंबाचा हा शेवट. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या धर्मगुरूंशीही त्यांनी मुद्द्यांवर वाद घातला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघाले. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यांच्यासाठी वाढले.

आपण दुष्काळात जे भोगले, ते दुसऱ्या मुलीने भोगू नये, हाच त्यांच्या आशेचा अर्थ. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल एक क्रम लावतो : आधी क्लेश, त्यातून सोसण्याचे बळ, त्यातून कसाला उतरलेला माणूस, आणि सगळ्यांत शेवटी आशा. आपल्याकडे प्रचारात हा क्रम बहुधा उलटा सांगतात. आधी आशा घ्या, क्लेश जातील. लक्ष्मीबाई आणि रमाबाई पौलाच्या क्रमाने चालल्या.

पाड्यावरची प्रार्थना

आता पुन्हा घाटापलीकडे. इथल्या प्रार्थनेला बहुतेक ठिकाणी शिखर नाही, घंटा नाही. कोणाच्या तरी घराची सारवलेली पडवी, वर पत्रा, खाली अंथरलेली ताडपत्री. ढोलकी, टाळ, खंजिरी. शहरी चर्चमधली जुनी गीते आणि पाड्याच्या चालीवर बसवलेली नवी, दोन्ही. मग ‘साक्ष’. एकेक जण उठतो आणि आपण विश्वासात कसे आलो ते सांगतो. साक्षी पुष्कळशा सारख्या असतात : घरात आजारपण, भगताकडे कोंबडी-बोकडावर झालेला खर्च, डोक्यावर कर्ज, नवऱ्याची दारू, आणि मग कोणीतरी घरी येऊन केलेली प्रार्थना.

बारकाईने ऐकले तर साक्षीचा भर चमत्कारापेक्षा त्या ‘कोणीतरी’वर असतो. दवाखान्यात रात्रभर बसले कोण, उपाशी असताना नागलीचे पीठ आणून दिले कोण, दारू सुटल्यावर पहिल्या आठवड्यात सोबत राहिले कोण. दारू सुटणे हा या भागातला सर्वांत दिसणारा बदल आहे आणि तो प्रथम बाईला दिसतो. मजुरीचा पैसा घरी येतो, पोराच्या वहीला पैसे निघतात. घर स्थलांतराला गेले तरी प्रार्थना मोडत नाही; द्राक्षबागेच्या कडेला, वीटभट्टीच्या झोपडीसमोर चार घरे जमतात. परक्या मुलखात आपल्या बोलीत आपले नाव घेऊन प्रार्थना करणारा माणूस भेटणे, ही स्थलांतरित मजुराला मिळणारी फार मोठी गोष्ट आहे.

पण याच पडवीत आशेची फसवणूकही होते. ‘विश्वास ठेव, गोळी सोड’ असे सांगणारा पाळक माणसाच्या जिवाशी खेळतो. आदिवासी भागात सिकलसेल आहे, क्षयरोग आहे. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या की रोग औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. आणि प्रार्थना करूनही लेकरू गेले, तर आईला ‘तुझाच विश्वास कमी पडला’ म्हणणे याहून क्रूर वाक्य नाही. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत देवाला जाब विचारणारी, रडणारी स्तोत्रे कितीतरी आहेत. ज्या मंडळीत रडायला जागा नाही, तिथली आशा पहिल्या मरणाबरोबर संपते.

संशय, कायदा आणि गाव

या आशेपुढचा आणखी एक प्रश्न गावाचा. वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दाखवून इथली दिवाळी सुरू होते. बोहाड्यात सोंगे नाचतात, डोंगऱ्यादेवाला माऊल्या बसतात. हे नुसते पूजाविधी नव्हेत, सगळा गाव एकत्र येण्याच्या या जागा आहेत. विश्वासात आलेले घर त्यातून बाजूला झाले, वर्गणी थांबली, की भाऊबंदांत तेढ पडते. गावाला ते तुटणे दुखते आणि ते समजून घेतले पाहिजे. पण त्याला उत्तर म्हणून प्रार्थना उधळणे, पाणी तोडणे हे न्यायाचे नाही. शेजारच्या गुजरातमधल्या डांगमध्ये १९९८च्या नाताळात प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले. जानेवारी १९९९मध्ये पंतप्रधान वाजपेयी तिथे गेले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी म्हणाले. चर्चा अजून चालूच आहे.

कायद्याचे चित्र मात्र पुरेसे स्पष्ट आहे. घटनेचे २५वे कलम श्रद्धा बाळगण्याचे, आचरण्याचे आणि तिचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. तो धर्मांतरितांकडून काढून घ्यावा, या मागणीला ‘डिलिस्टिंग’ म्हणतात आणि तिची धास्ती पाड्यावरच्या घरांना आहे.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी या पेचातून जाण्याची एक वाट दाखवली होती. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा आणि उस्मानाबादच्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला हा धर्मगुरू हरित वसईसाठी रस्त्यावर उतरला, तो सगळ्या वसईकरांच्या पाण्या-झाडांसाठी. हरसूलच्या मंडळ्यांनीही हे करायला हवे. झऱ्याचा गाळ काढायला, रोजगार हमीचे काम मागायला, वनहक्काचा दावा लावायला विश्वासी घर पुढे असेल, तर गावाशी तुटलेले नाते पुन्हा जुळू शकते.

शरणपूरपासून हरसूलपर्यंतचा हा पावणेदोनशे वर्षांचा हिशेब मांडला तर शिल्लक राहते ते एवढेच : चमत्काराच्या भरवशावर आलेला माणूस चमत्कार थांबला की जातो, सोबतीच्या भरवशावर आलेला राहतो आणि पुढे स्वतः कोणाची तरी सोबत होतो. म्हणून पाळकांना विनंती, की प्रार्थना जरूर करा, पण रुग्णाला ग्रामीण रुग्णालयापर्यंत स्वतः घेऊन जा आणि गोळ्यांचा कोर्स पुरा होईपर्यंत त्याच्या घरी जात राहा. आणि संशयाने पाहणाऱ्यांना विनंती, की एखाद्या रविवारी त्या पडवीत तासभर बसा, साक्षी ऐका, मग मत बनवा.