रोज एक शब्द, रोज एक वाक्य

"मला कुठलं बाई इंग्रजी येतंय!" असं चिंचवडची गृहिणी सहज म्हणते आणि त्याच तोंडानं सांगते, "ह्यांची सेकंड शिफ्ट आहे, ओव्हरटाईम झाला तर उशीर होईल." कारखान्यांच्या या गावात इंग्रजी शब्द घराघरांत बोलले जातात. अडतं ते छापील कागदापाशी.

तेव्हा मैत्रिणींनो, सुरुवात घरातल्या कागदांपासूनच करा. एक वही घ्या. रोज एकच शब्द, त्याचा सोपा अर्थ आणि एक वाक्य लिहा. लाईटबिलावर 'ड्यू डेट' असतं. अर्थ : पैसे भरायची शेवटची तारीख. वाक्य : 'टुडे इज द ड्यू डेट.' औषधाच्या पाकिटावरची 'एक्स्पायरी डेट' म्हणजे ज्या तारखेनंतर ते औषध घ्यायचं नाही, ती. 'बिफोर फूड' म्हणजे जेवणाआधी, 'आफ्टर फूड' म्हणजे जेवणानंतर. इथली चूक जिवावर बेतू शकते. नुसता पाठ केलेला अर्थ विसरतो. वाक्यात वापरला की शब्द आपला होतो.

"आता या वयात?" म्हणून कुणी हसेल. हसू द्या! रमाबाई रानडे इंग्रजी शिकू लागल्या, तेव्हा घरातल्या बायकांनीच टोमणे मारले. त्यांनी शिकणं सोडलं नाही; पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं, ते त्यांच्याच पुढाकारानं.

आणि शिकवणीही घरातच आहे. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसली की आपली वही घेऊन शेजारी बसा. आईची चूक सुधारताना मुलांचाही धडा पक्का होतो.