विजेची शाई

लग्नपत्रिका छापणारा एखादा छोटा छापखाना तुमच्या गावात असेलच. तेथे स्क्रीन प्रिंटिंग कसे करतात ते एकदा जाऊन पाहा. चौकटीवर बारीक जाळीचे कापड ताणून बसवलेले असते. जेथे शाई उमटू द्यायची नाही, तेथील छिद्रे लेप देऊन बुजवलेली असतात. चौकट कागदावर टेकवायची, वर दाट शाई घालायची आणि रबरी पट्टीने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढायची. चौकट उचलली, की खाली गणपती आणि वधूवरांची नावे हजर!

आता अशी कल्पना करा, की त्या शाईत रंगाऐवजी चांदीची बारीक पूड घातली आहे. मग कागदावर उमटेल ती नुसती रेघ नसेल, ती विजेची तार असेल. ही कल्पना केव्हाच प्रत्यक्षात आली आहे. छतावरचे सौर पॅनेल जवळून पाहा. बहुतेक पॅनेलांतील काळ्या-निळ्या चकत्यांवर केसासारख्या बारीक रुपेरी रेघा दिसतात. सिलिकॉनच्या चकतीत निर्माण झालेली वीज गोळा करणाऱ्या या रेघा चांदीच्या शाईने, याच जाळीच्या पद्धतीने छापतात.

रक्ताच्या थेंबाचा हिशेब

छापील विजेचे याहून जवळचे उदाहरण कदाचित तुमच्या घरातच असेल. मधुमेह असलेले आजोबा किंवा मावशी बोटाला बारीक सुई टोचतात, रक्ताचा थेंब एका छोट्या पट्टीला लावतात आणि काही सेकंदांत यंत्रावर साखरेचा आकडा येतो. त्या वेळी पट्टीत काय घडते?

अशा अनेक पट्ट्यांवर कार्बनच्या किंवा चांदीच्या शाईने विद्युत्‌अग्रे छापलेली असतात. त्यांवर ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, पातळ थर असतो. हे विकर रक्तातील ग्लुकोजच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन काढून घेते. मात्र विकराचा रेणू मोठा असल्यामुळे ते इलेक्ट्रॉन थेट अग्रापर्यंत पोचणे कठीण. म्हणून थरात लोहाच्या एखाद्या संयुगासारखा ‘निरोप्या’ मिसळतात. तो विकराकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि अग्राला नेऊन देतो. साखर जितकी जास्त, तितका प्रवाह जास्त. यंत्र हा प्रवाह मोजते आणि त्यावरून साखर सांगते.

ऑक्सफर्ड आणि क्रॅनफील्ड येथील संशोधनातून या तत्त्वावरचे पेनच्या आकाराचे पहिले यंत्र १९८७ साली बाजारात आले. एरवी प्रयोगशाळेत जाऊन करावी लागणारी तपासणी स्वयंपाकघरातील टेबलावर होऊ लागली. पट्टी एकदा वापरून टाकायची असल्याने ती स्वस्त हवी, आणि स्वस्त हवी म्हणून ती छापलेली हवी. छपाईचे खरे महत्त्व येथे आहे.

न वितळता जुळणारी चांदी

तुम्ही म्हणाल, शाईत चांदीचे कण सुटे असतात; मग वीज एका कणावरून दुसऱ्यावर जाते कशी? प्रश्न रास्त आहे. सौर पॅनेलच्या चकत्या छपाईनंतर सुमारे ७०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून काढतात. त्या उष्णतेने कण एकमेकांना घट्ट जुळतात. सिलिकॉनला ही आच सोसते. पण पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक १५० अंशांच्या आसपासच आकसू व वेडेवाकडे होऊ लागते. त्यावर छापलेली चांदी भाजायची कशी?

पहिला उपाय साधा आहे. चांदीच्या पातळ पापुद्र्यांत राळेसारखा चिकट पदार्थ मिसळतात. तो वाळताना आकसतो आणि पापुद्र्यांना एकमेकांवर दाबून धरतो. संगणकाच्या पुष्कळशा कळफलकांत कळांखाली अशा छापील रेघांचा प्लॅस्टिकचा पडदा असतो.

दुसरा उपाय अधिक गमतीचा आहे. चांदी ९६२ अंशांना वितळते, असे आपण पुस्तकात वाचतो. ते मोठ्या तुकड्यापुरते खरे आहे. पृष्ठभागावरच्या अणूंना शेजारी कमी असतात, त्यामुळे त्यांची पकड सैल असते. कण जितका लहान, तितका अशा अणूंचा वाटा मोठा. काही नॅनोमीटर व्यासाच्या कणात, म्हणजे मिलिमीटरच्या दहालक्षांश भागाच्या काही पटींत, हा वाटा इतका वाढतो, की चांदीचे कण सुमारे १५० अंशांना किंवा त्याहूनही कमी उष्णतेला, न वितळताच, एकमेकांत मिसळू लागतात. धातू तोच, पण आकार बदलताच गुण बदलला.

वाकते कसे?

बांबू वाकवू गेले तर मोडतो. पण बुरूड त्याच बांबूच्या पातळ कामट्या काढून टोपली विणतो. कारण सोपे आहे. वस्तू वाकवली, की तिची बाहेरची बाजू ताणली जाते व आतली दाबली जाते. वस्तू जाड असेल तर हा ताण जास्त, पातळ असेल तर कमी.

हिशेब करून पाहू. १० मिलिमीटर व्यासाच्या पेनभोवती ०.१ मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक गुंडाळले, तर त्याची बाहेरची बाजू जाडी भागिले व्यास, म्हणजे सुमारे १ टक्का ताणली जाते. जाडी ०.०१ मिलिमीटर केली, तर ताण ०.१ टक्क्यावर येतो. आता प्लॅस्टिकच्या दोन सारख्या थरांच्या मधोमध विद्युत्‌मंडल ठेवले तर? बाहेरचा थर ताणला जाईल, आतला दाबला जाईल आणि मधल्याला जवळजवळ काहीच होणार नाही. लवचिक उपकरणे बनवणारे हीच युक्ती वापरतात.

प्लॅस्टिक वीज वाहते तेव्हा

वायरवर प्लॅस्टिकचे वेष्टण घालतात ते वीज बाहेर येऊ नये म्हणून. मग प्लॅस्टिकमधूनच वीज वाहील असे कोणाला वाटेल? १९६७ साली टोकियोतील हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत ॲसिटिलीन वायूपासून पॉलिॲसिटिलीन बनवताना उत्प्रेरक चुकून हजारपट जास्त पडला. नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी भांड्यात चकचकीत रुपेरी पापुद्रा तयार झाला. पुढे शिराकावा यांनी ॲलन मॅकडियार्मिड आणि ॲलन हीगर यांच्याबरोबर अमेरिकेत काम केले आणि त्या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली. त्याची विद्युत्‌वाहकता कोट्यवधी पट वाढली! हा शोध १९७७ साली प्रसिद्ध झाला आणि २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आयोडीनने नेमके काय केले? खच्चून भरलेली एस.टी. डोळ्यांसमोर आणा. उभ्या प्रवाशांपैकी कोणालाच हलता येत नाही. एक जण उतरला, की मागचा पुढे सरकतो, त्याच्या जागी त्याच्या मागचा येतो आणि रांग हलू लागते. आयोडीन या रेणूंच्या साखळीतून काही इलेक्ट्रॉन ‘उतरवून’ घेते. उरलेल्यांना मग सरकायला जागा मिळते.

पॉलिॲसिटिलीन हवेत लवकर खराब होते, म्हणून ते बाजारात फारसे आले नाही. पण वाट सापडली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील बायर कंपनीत ‘पेडॉट’ हे टिकाऊ विद्युत्‌वाहक प्लॅस्टिक तयार झाले. ते पाण्यात पसरवून शाईसारखे वापरता येते.

कासव आणि ससा

तारा छापता आल्या. पण संगणकाला ट्रान्झिस्टर लागतात. १९९४ साली फ्रान्समध्ये फ्रान्सिस गार्निए व त्यांच्या सहकाऱ्यांनी छपाईच्या पद्धतीने संपूर्ण बहुवारिकाचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थांचा, ट्रान्झिस्टर बनवून दाखवला. २००४ साली जपानमध्ये हिदेओ होसोनो यांच्या गटाने इंडियम, गॅलियम आणि जस्त यांच्या ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर लवचिक प्लॅस्टिकवर उभे केले. याच जातीचे ट्रान्झिस्टर वापरून २०२१ साली ‘प्लॅस्टिकआर्म’ नावाचा, केसापेक्षाही पातळ प्लॅस्टिकवरचा प्रक्रियक तयार झाला. त्यात १८ हजारांहून अधिक गेट आहेत. मात्र तो शाईने छापलेला नाही. त्याचे थर प्रकाशाच्या साहाय्याने कोरलेले आहेत.

त्याचा वेग सेकंदाला सुमारे २९ हजार ठोके इतकाच आहे. १९७१ साली आलेला इंटेलचा ४००४ हा सिलिकॉनचा चिपदेखील सेकंदाला ७ लाखांहून अधिक ठोके देई. मग हे कासव हवे कशाला?

कारण शर्यत वेगाची नाहीच. सिलिकॉन वेगवान आहे. पण तो ठिसूळ आहे आणि मोठ्या पृष्ठभागावर पसरायला महाग पडतो. ताप मोजणारी चिकटपट्टी किंवा औषध खराब झाल्याचे सांगणारे वेष्टण घ्या. या कामांना काही सेकंदांत एक उत्तर पुरते. तेथे स्वस्तपणा आणि मऊपणा यांचेच मोल आहे.

पण याच स्वस्तपणातून एक कठीण प्रश्न उभा राहतो. साखर मोजणारी पट्टी काही सेकंद काम करते आणि कचऱ्यात जाते. प्लॅस्टिक, धातू आणि रक्त एकत्र आलेल्या त्या पट्टीतून पुन्हा काही वेगळे काढणे अवघड असते. पट्टी वापरू नका, असे मधुमेही माणसाला सांगता येणार नाही. म्हणून कागदावर छापलेली, कमी चांदी लागणारी किंवा मातीत कुजणारी उपकरणे शोधायला हवीत. त्यावर अनेक प्रयोगशाळांत काम चालू आहे आणि ते पुरे व्हायला तुमच्या पिढीचे हात लागणार आहेत.

करून पाहा

६बी किंवा त्याहून मऊ पेन्सिलीने जाड कागदावर ५ सेंटिमीटर लांब व १ सेंटिमीटर रुंद पट्टा गच्च काळा करा. ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी आणि हा पट्टा एकामागोमाग जोडा. एलईडी थेट बॅटरीला जोडू नका, तो जळेल. घरातील विजेला तर हातही लावू नका. एलईडीची उलट टोके जोडली गेली तर तो लागणार नाही. मग टोके बदला. तारेचे टोक पट्ट्यावरून सरकवत वीज जाण्याचा मार्ग आखूड करा. प्रकाश वाढतो का? आता काळी बाजू बाहेर ठेवून कागद वाकवा. शाळेत मल्टिमीटर असेल तर रोध मोजा. ग्रॅफाइटचे कण एकमेकांपासून दूर गेले तर रोध वाढेल की कमी होईल, ते आधी वहीत लिहा आणि मगच मोजा.