कृष्णवर्णीय मुक्तीचे ईश्वरविज्ञान : अनुभव, मांडणी आणि चिकित्सा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ख्रिस्ती विचारविश्वात जे नवे प्रवाह उदयास आले, त्यांत कृष्णवर्णीय मुक्तीचे ईश्वरविज्ञान हा एक महत्त्वाचा प्रवाह होय. ईश्वराविषयीचे चिंतन कोणाच्या जीवनानुभवाच्या आधारे करावयाचे, हा प्रश्न या प्रवाहाने केंद्रस्थानी आणला. प्रस्तुत लेखात या विचाराची पार्श्वभूमी, त्याची मांडणी आणि त्यावर झालेली चिकित्सा यांचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गुलामगिरीच्या काळात ख्रिस्ती धर्माचा उपयोग दोन परस्परविरोधी हेतूंनी झाला. मालकवर्गाने आज्ञाधारकपणा शिकविणारी वचने पुढे केली. १८०७ मध्ये लंडन येथे ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलची एक संक्षिप्त आवृत्ती प्रसिद्ध झाली. इजिप्तच्या दास्यातून इस्राएली लोकांची सुटका झाल्याचा 'निर्गम' या पुस्तकातील वृत्तांत तीतून वगळण्यात आला होता. कोणता भाग वगळला गेला, यावरूनच सत्ताधाऱ्यांना कोणत्या कथेचे भय वाटत होते, हे स्पष्ट होते. याउलट, गुलामांनी नेमकी हीच कथा आपल्या भक्तिगीतांतून जतन केली.

स्वतंत्र उपासनास्थळांची परंपराही अपमानाच्या अनुभवातूनच निर्माण झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया येथील सेंट जॉर्जेस मेथॉडिस्ट चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या कृष्णवर्णीयांना उठविण्यात आले, तेव्हा रिचर्ड ॲलन व त्यांचे सहकारी तेथून बाहेर पडले. पुढे १८१६ मध्ये आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. १९४९ मध्ये हॉवर्ड थर्मन यांनी 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' या ग्रंथात येशू स्वतः रोमन सत्तेखालील एका दरिद्री, पराधीन समाजातील होता, याकडे लक्ष वेधले.

जेम्स कोन यांची मांडणी

या परंपरेला पद्धतशीर वैचारिक रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने जेम्स एच. कोन (१९३८–२०१८) यांना जाते. अर्कान्सा राज्यात वंशविभाजनाच्या काळात वाढलेल्या कोन यांनी कार्ल बार्थ या युरोपीय विचारवंतावर प्रबंध लिहून १९६५ मध्ये डॉक्टरेट मिळविली. तथापि, १९६७ मधील डेट्रॉईटचा उद्रेक आणि ४ एप्रिल १९६८ रोजी झालेली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या या घटनांमुळे आत्मसात केलेले ईश्वरविज्ञान आपल्या लोकांच्या जीवनमरणाविषयी मौन बाळगते, याची त्यांना तीव्र जाणीव झाली. १९६९ मध्ये 'ब्लॅक थिऑलॉजी अँड ब्लॅक पॉवर' आणि १९७० मध्ये 'अ ब्लॅक थिऑलॉजी ऑफ लिबरेशन' हे त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले.

ईश्वर कृष्णवर्णीय आहे, हे कोन यांचे विधान विशेष गाजले व त्याचा विपर्यासही झाला. त्यात ईश्वराच्या त्वचेच्या वर्णाविषयी दावा नाही; ईश्वर कोणाच्या बाजूने उभा आहे, याविषयीचे ते विधान आहे. अन्यायाच्या प्रसंगी तटस्थ राहणारा ईश्वर व्यवहारात अन्याय करणाऱ्याच्याच पक्षात जातो, हा त्यामागील तर्क होय. म्हणूनच ईश्वरविज्ञानाच्या आधारस्रोतांत कोन यांनी प्रकटीकरण, धर्मग्रंथ व परंपरा यांच्याबरोबर कृष्णवर्णीयांचा अनुभव, इतिहास व संस्कृती यांनाही स्थान दिले.

ही भूमिका २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द क्रॉस अँड द लिंचिंग ट्री' या ग्रंथात अधिक सखोल झाली. टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात झुंडीने ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांची संख्या ३,४४६ होती. क्रूस व फाशीचे झाड ही दोन्ही दहशत बसविण्यासाठी उघड्यावर दिलेल्या मृत्यूची साधने असूनही श्वेतवर्णीय ईश्वरविज्ञांना त्यांतील साम्य दिसले नाही, ही कोन यांची मुख्य तक्रार आहे. १९५५ मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलची हत्या झाली, तेव्हा त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवून छिन्नविच्छिन्न देह जगाला पाहू दिला. झुंडीकडून होणाऱ्या हत्यांविरुद्धचा, त्याच्याच नावाचा संघीय कायदा मात्र २०२२ मध्ये अस्तित्वात आला.

अंतर्गत चिकित्सा

या विचारावरील सर्वांत मर्मभेदी आक्षेप कृष्णवर्णीय विचारवंतांकडूनच आले. विल्यम आर. जोन्स यांनी १९७३ मध्ये 'इज गॉड अ व्हाइट रेसिस्ट?' या ग्रंथात मूलभूत प्रश्न उपस्थित केला : ईश्वर पीडितांचा मुक्तिदाता असेल, तर एवढ्या प्रदीर्घ यातनांच्या इतिहासात त्याचा पुरावा कोणता? जे. डिओटिस रॉबर्ट्स यांनी १९७१ मध्येच मुक्तीबरोबर समेटाचाही आग्रह धरला होता.

दुसरा आक्षेप स्त्रियांनी घेतला. जॅकलिन ग्रँट, केटी कॅनन आदी अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांचा अनुभव म्हणजे प्रत्यक्षात पुरुषांचा अनुभव, हे गृहीतक उघडे पाडले. डेलोरेस विल्यम्स यांनी १९९३ मध्ये 'सिस्टर्स इन द वाइल्डरनेस' या ग्रंथात 'निर्गम'ऐवजी हागार या दासीची कथा आधारभूत मानली. हागार प्रथम पळून जाते, तेव्हा तिला मालकिणीकडे परत जाण्यास सांगितले जाते; पुढे रानात तिच्या मुलासाठी पाणी मिळते. येथे ईश्वर बंधने तोडीत नाही, तर जगण्याचे साधन देतो. अनेक स्त्रियांच्या जीवनाशी हे चित्र अधिक जुळते, असे विल्यम्स यांचे प्रतिपादन आहे.

भारतीय संदर्भ

भारतातील दलित ईश्वरविज्ञानाशी या प्रवाहाचे नाते आहे. १९८० च्या दशकात अरविंद पी. निर्मळ यांनी दलितांच्या वेदनेला ईश्वरविषयक ज्ञानाचा आरंभबिंदू मानले. मात्र वंश आणि जात यांची रचना भिन्न असल्याने हे नाते अनुकरणाचे नसून संवादाचे आहे, हे लक्षात घेणे आवश्यक ठरते.

समारोप

सार्वत्रिक म्हणविणाऱ्या ज्ञानामागेही विशिष्ट समूहाचा अनुभव दडलेला असतो, हे कृष्णवर्णीय मुक्तीच्या ईश्वरविज्ञानाने दाखवून दिले. हीच कसोटी स्त्रियांनी त्या विचारालाही लावली आणि त्यामुळे तो दुर्बळ न होता अधिक व्यापक झाला. जोन्स यांच्या प्रश्नाला सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही. तथापि, ज्या समाजाने तो प्रश्न विचारला, त्यानेच यातनेच्या काळात उपासनेची परंपराही टिकवून ठेवली. श्रद्धा व चिकित्सा यांचे हे सहअस्तित्व समजून घेतल्याशिवाय कृष्णवर्णीयांच्या धार्मिक अनुभवाचे आकलन पूर्ण होऊ शकत नाही.