दुष्फेन पाणी व पाणी तापविण्याची घरगुती साधने : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

ज्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि भांड्याच्या तळाशी पांढरी पुटे धरतात, त्यास बोलभाषेत ‘जड पाणी’ म्हणतात. शास्त्रीय लेखनात ही संज्ञा टाळणे इष्ट होय. कारण अणुभट्टीत वापरल्या जाणाऱ्या ड्युटेरियमयुक्त पाण्यास तेच नाव रूढ झाले आहे. म्हणून प्रस्तुत लेखात ‘दुष्फेन’ हाच शब्द योजिला आहे. दुष्फेनता पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे येते व ती दर लिटरमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या मिलिग्रॅममध्ये मोजतात. भारतीय मानकाप्रमाणे (२०१२) पिण्याच्या पाण्यात ती २०० पर्यंत स्वीकार्य व दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालण्यासारखी मानली आहे. ही मर्यादा पिणाऱ्यासाठी आहे. त्याच पाण्याने तापणाऱ्या यंत्राचा विचार तीत अभिप्रेत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा, बहुतेक भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. या काळ्या पाषाणातील लॅब्रॅडोराइट जातीच्या फेल्स्पारात कॅल्शियम व ऑजाइटात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही दोन्ही असतात. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, किंचित आम्ल होते आणि खडकाच्या भेगांतून सावकाश उतरत असता ही मूलद्रव्ये बायकार्बोनेटच्या रूपाने विरघळवून घेते. संगमनेर व नेवासे यांच्या आसपास प्रवरेच्या काठच्या जुन्या गाळात आढळणारे चुनखडीचे खडे याच क्रियेची उलट बाजू दाखवितात. तेथे विरघळलेला चुना पुन्हा घनरूप झाला आहे. गीझरमध्ये जे काही वर्षांत घडते, ते नदीकाठी सहस्रावधी वर्षे घडत आले आहे.

अर्थात जिल्ह्यातील सर्व नळांचे पाणी सारखे नसते. अहिल्यानगर शहरास मुळा धरणाचे पाणी मिळते. कोपरगाव, श्रीरामपूर येथे कालव्याच्या आवर्तनातून भरलेल्या साठवण तलावांतून ते येते. असे पृष्ठजल खडकात थोडाच काळ राहिलेले असल्याने सामान्यतः सौम्य असते. परंतु आवर्तन लांबले, उन्हाळा कडक झाला, की त्याच घराच्या टाकीत कूपनलिकेचे पाणी चढविले जाते. त्यामुळे ‘नळाच्या पाण्याची’ दुष्फेनता हे वर्षभर स्थिर असलेले मान नव्हे, आणि पावसाळ्यात घेतलेल्या एकाच नमुन्यावरून अनुमान काढणे धोक्याचे ठरते. कालव्याच्या लाभक्षेत्रात तर भूजलाची पातळी वर येऊन जमिनी चोपण व खारवट झाल्या आहेत. तेथील विहिरींत शेतातून परत झिरपलेल्या पाण्याबरोबर इतर क्षारही येतात.

पाणी तापविले असता बायकार्बोनेटचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. ही तात्पुरती दुष्फेनता होय. सल्फेट व क्लोराइड यांमुळे येणारी दुष्फेनता उकळूनही जात नाही. मात्र कॅल्शियम सल्फेटची विद्राव्यता सुमारे ४० अंश सेल्सियसच्या पुढे कमी होत जाते, त्यामुळे अतितप्त पृष्ठभागावर तेही चिकटते. ३०० मि. ग्रॅ. तात्पुरती दुष्फेनता असलेले ५० लिटर पाणी रोज तापविले, तर त्यातील चुना वर्षाकाठी सुमारे साडेपाच किलोग्रॅम होतो. त्याचा दशांशच आत राहिला असे धरले तरी अर्ध्या किलोहून अधिक भरतो.

या थराचा परिणाम मात्र सर्व साधनांवर सारखा होत नाही, आणि याविषयी एक गैरसमज प्रचलित आहे. जुन्या तांब्याच्या बंबात विस्तवाची उष्णता मधल्या नळीच्या भिंतीतून पाण्यात जाते. त्या भिंतीवर पुटे चढली, की न शिरलेली उष्णता धुराड्यावाटे निघून जाते. लाकूड जास्त जळते, पण बंब टिकतो. यावरून, पुटे चढलेला विजेचा गीझरही जास्त वीज खातो असे सांगण्यात येते. गीझरला धुराडे नसते. तापक नळी पाण्यात बुडालेली असते, आणि तारेत निर्माण झालेल्या उष्णतेस पाण्यावाचून दुसरी वाट नसते. थर असला तरी ती पाण्यातच जाते. फरक एवढाच, की तेवढी उष्णता ढकलण्यासाठी नळीला अधिक तापावे लागते. वीजबिल जवळजवळ तेच राहते. आयुष्य घटते ते नळीचे.

किती तापावे लागते, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. २,००० वॅटची, ८ मि. मी. व्यासाची व १ मीटर लांबीची नळी घेतली, आणि थराची उष्णतावाहकता दर मीटर-अंशास १ वॅट मानली, तर १ मि. मी. जाडीच्या थरामुळे नळीचा पृष्ठभाग पाण्याहून सुमारे ७० अंशांनी व ३ मि. मी. थरामुळे सुमारे १८० अंशांनी अधिक तापतो. आतील नायक्रोम तार त्याहूनही तप्त असते. नळी व थर यांचे प्रसरण विषम असल्यामुळे खपल्या सुटून टाकीच्या तळाशी साचतात आणि अखेर नळीचा खालचा भाग त्यांत पुरला जातो. दुरुस्तीस आलेल्या गीझरात नळी ‘जळाली’ असे म्हणतात, ते शब्दशः खरे असते.

गॅसच्या गीझरात मात्र बंबाचाच न्याय लागू पडतो. तेथे इंधन खरोखर वाया जाते. सौर तापकांपैकी सपाट पट्टीच्या संचात तांब्याच्या बारीक नळ्या तुंबतात. म्हणून दुष्फेन पाण्यासाठी काचेच्या निर्वात नळ्यांचा संच किंवा उष्णता-विनिमयक बसविलेला संच घेण्याचा सल्ला दिला जातो. कपडे धुण्याच्या यंत्राचे नुकसान, पाणी तापवून धुण्याचा प्रघात नसेल तर, बरेच कमी असते. तेथे भुर्दंड पडतो तो धुण्याच्या चूर्णाचा.

या चूर्णांतून कॅल्शियम धरून ठेवण्यासाठी कृत्रिम झिओलाइट वापरले जाते, ही गोष्ट या जिल्ह्याच्या दृष्टीने मौजेची आहे. बेसाल्टाच्या पोकळ्यांत निसर्गतः झिओलाइट तयार होते व या जिल्ह्यातील मेसोलाइटचे नमुने खनिजसंग्राहकांस परिचित आहेत. सोडियम देऊन कॅल्शियम घेण्याचा त्याचा गुण जर्मन रसायनज्ञ रॉबर्ट गान्स याने १९०५ च्या सुमारास पाणी मृदू करण्यासाठी उपयोगात आणला. आज त्याची जागा बहुतांशी राळेच्या मण्यांनी घेतली आहे. तत्त्व तेच आहे. या विनिमयात दर १०० मि. ग्रॅ. दुष्फेनतेमागे पाण्यात सुमारे ४६ मि. ग्रॅ. सोडियम येते. पाण्यातील एकूण क्षार त्यामुळे कमी होत नाहीत. म्हणूनच विद्युत्‌वाहकतेवर चालणाऱ्या खिशातील क्षारमापकाने असे मृदू झालेले पाणी तपासल्यास आकडा जवळजवळ पूर्वीचाच दिसतो आणि विक्रेता व ग्राहक यांच्यात निष्कारण वाद होतो. त्या मापकाने दुष्फेनता मोजताच येत नाही. त्यासाठी ईडीटीएचे अनुमापनच केले पाहिजे.

खर्च न करता साधण्याजोगा उपाय म्हणजे गीझरचे तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवणे. साठच्या पुढे साका बसण्याचा वेग झपाट्याने वाढतो. साचलेली पुटे सायट्रिक आम्लाच्या विरळ द्रावणाने निघतात. चिंचेने तांबे घासण्याच्या घरगुती रीतीचे रसायनही याहून फारसे निराळे नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल लवकर काम करते खरे, पण जोडकाम व धातूही खाते. टाकीतील मॅग्नेशियमची कांडीही मधूनमधून पाहावी. क्षारयुक्त, अधिक विद्युत्‌वाहक पाण्यात ती लवकर झिजते आणि ती संपल्यावर गंज टाकीकडे वळतो.

मृदूकरणाचे यंत्र बसविणाऱ्या घरापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. राळेच्या पुनरुज्जीवनासाठी मीठपाणी वापरावे लागते व त्यानंतर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि उरलेले सोडियम क्लोराइड असलेले ते पाणी बाहेर सोडावे लागते. गटारयोजना असलेल्या शहरात ते वाहून जाते. प्रवरा व मुळा यांच्या लाभक्षेत्रातील गावात ते परसातल्या शोषखड्ड्यात मुरते, आणि तो शोषखड्डा पुष्कळदा त्याच घराच्या कूपनलिकेपासून काही हातांवरच असतो.